कमाल बिंदूवरून निकेल ०.१६, शेपटीवरून ०.०५९. एकाच सुपरनोव्हाचे दोन आकडे, खरा कुठला धरू?

गोडोली_एमएस्सी

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सरांनी एका सुपरनोव्हाची फाईल दिलीय. दोनच रकाने: स्फोटापासूनचे दिवस आणि एकूण तेजस्विता. नाव मुद्दाम खोडलंय. "नाव कळलं की तुम्ही पेपर शोधणार आणि आकडा उतरवून काढणार," असं तोंडावर म्हणाले. एवढंच सांगितलं की टाईप आयबी आहे. म्हणजे वजनदार तारा, पण फुटायच्या आधीच हायड्रोजनचं आवरण गमावून बसलेला. काम एकच, स्फोटात निकेल-५६ किती तयार झालं ते सांगा.

पुस्तकातलं गणित मला माहीत आहे. निकेल-५६ चं अर्धायुष्य साधारण ६ दिवस, त्याचं कोबाल्ट-५६ होतं. त्याचं अर्धायुष्य ७७ दिवस, मग लोखंड. एक सौर वस्तुमान निकेल असेल तर टी दिवसांनी मिळणारी ऊर्जा अशी:

६.४५ × १०^४३ × ई^(−टी/८.८) + १.४५ × १०^४३ × ई^(−टी/१११.३) अर्ग प्रति सेकंद

माझ्या फाईलमधले कामाचे आकडे:
दिवस २० (कमाल): ३.० × १०^४२
दिवस ६०: ५.९५ × १०^४१
दिवस ८०: ४.२ × १०^४१
दिवस १००: २.८ × १०^४१

अर्नेटचा नियम म्हणतो की कमाल तेजाच्या क्षणी बाहेर पडणारा प्रकाश म्हणजेच त्या क्षणी किरणोत्सर्गातून मिळणारी ऊर्जा. २० दिवस टाकले की कंसात १.८८ × १०^४३ येतं, भागाकार केला की ०.१६ सौर वस्तुमान. आता शेपूट, म्हणजे कमालीनंतर तेज हळूहळू उतरतं तो भाग. ८० व्या दिवशी निकेल जवळपास संपलेलं असतं, नुसता कोबाल्ट. तिथे ०.७१ × १०^४३ ने भागलं तर ०.०५९.

बॅचमधल्या दोघांना वेगळ्या फाईल आहेत, पण त्याही आयबीच्याच. त्यांनी कमाल बिंदू घेतला, ०.१५ च्या आसपास काहीतरी आलं. मग अँडरसनच्या २०१९ च्या संकलनात आयबीचा मध्यक ०.१६३ आहे हे बघितलं आणि 'जुळलं' म्हणून बाईंडिंगला टाकलं. माझंही कमाल बिंदूवरून जुळतंयच की. मग शेपूट का जुळत नाही? जवळपास पावणेतीनपट फरक आहे, हा काही वाचनातला फरक नाही. इंग्रजीत यावर पुष्कळ आहे, पण आमचे सर व्हायवा मराठीत घेतात आणि "म्हणजे नेमकं काय होतं?" असं तीन वेळा विचारतात, म्हणून इथे टाकतेय.

तासगाव_बेदाणा

धूळ बघ आधी. वाटेत धूळ असेल तर तारा मंद दिसतो, ती दुरुस्ती कमीजास्त झाली की संपलं. ०.३ प्रतीची (प्रत म्हणजे ताऱ्याचं तेज मोजायचं एकक) चूक म्हणजे तेजस्वितेत ३२ टक्के. अंतराचंही तसंच. अंतर १० टक्के चुकलं की तेज २१ टक्के चुकतं, कारण वर्ग. सरांनी कुठलं अंतर धरलंय विचार.

(मी बीएस्सीनंतर शेती करतो, पण हा विषय सुटला नाही.)

कोरेगावकर

मी सुपरनोव्हांच्या प्रकाशवक्रांवरच पीएचडी करतोय, सध्या बेंगळुरूत. दिवसभर हेच चालतं, त्यामुळे उत्तर लांबेल.

तासगावकरांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी निकेलच्या कुठल्याही आकड्यातल्या सगळ्यात मोठ्या त्रुटी असतात, त्यात वाद नाही. पण इथे त्यांचा उपयोग नाही. अंतर चुकलं तर फाईलमधली प्रत्येक ओळ एकाच गुणकाने चुकणार. धुळीचंही जवळपास तसंच. ०.१६ आणि ०.०५९ दोन्ही एकदम वर जातील नाहीतर एकदम खाली येतील. तुझं भांडण त्यांच्यातल्या गुणोत्तराचं आहे, आणि गुणोत्तराला अंतर ठाऊकच नसतं. स्फोटाची तारीख तेवढी दोघांना वेगवेगळी लागते. समज स्फोट ३ दिवस आधी झाला होता. मग कमाल २३ व्या दिवशी येते आणि ०.१६ चं ०.१८ होतं. शेपटीचं फक्त ०.०६१. म्हणजे तारीख मागे नेली तर दरी वाढतेच. ३ दिवस पुढे आणली तरी ०.१३८ आणि ०.०५८. मिटत नाही.

आता शेपूट. ०.०५९ काढताना तू न बोलता एक गोष्ट धरलीस: कोबाल्टमधून निघालेले सगळे गॅमा किरण स्फोटाच्या मलब्यातच अडकले आणि त्यांचा प्रकाश झाला. हायड्रोजनचं आवरण शाबूत असलेल्या टाईप टूमध्ये हे चालतं. अंगावर कितीतरी सौर वस्तुमानांचं जाड पांघरूण असतं, गॅमा बाहेर पडायला वर्ष लागतं. म्हणून त्यांची शेपूट शंभर दिवसांना ०.९८ प्रतीने उतरते, बरोबर कोबाल्टच्या वेगाने. तुझ्या ताऱ्याने ते पांघरूण आधीच टाकलंय. उडालेला मलबा थोडा आणि वेगवान, त्यामुळे गॅमा लवकर निसटतात.

निसटतात हे मी आयबी म्हणून सांगत नाहीये, तुझीच फाईल सांगतेय. ६० ते १०० दिवसांत तेज २.१२५ पट घटलंय. म्हणजे ४० दिवसांत ०.८२ प्रत, शंभर दिवसांना २.०५. कोबाल्टच्या दुपटीहून जास्त वेग. कुणी शेपटीवरून निकेल काढत असेल तर त्याने सूत्राला हात लावायच्या आधी हा उतार मोजावा. ०.९८ च्या जवळ असेल तर सरळ भागाकार. नसेल तर गळती मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गळतीचं सूत्र साधं आहे. अडकलेला भाग = १ − ई^(−(टी-शून्य/टी)²). वर्ग कशाला, हे सर विचारतील. मलबा फुगतो तशी त्याची त्रिज्या वेळेच्या प्रमाणात वाढते. गॅमाला वाटेत भेटणारं द्रव्य म्हणजे वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग. म्हणून अडथळा वेळेच्या वर्गाने विरळ होतो. टी-शून्य म्हणजे तो अडथळा एकवर येतो तो दिवस.

टी-शून्य काढायला निकेल माहीत असावं लागत नाही, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात आवडते. ६० आणि १०० व्या दिवसाचं गुणोत्तर घेतलंस की निकेलचं वस्तुमान कटतं, अंतरही कटतं. नुसता कोबाल्ट असता तर ते गुणोत्तर ई^(४०/१११.३) म्हणजे १.४३२ आलं असतं. तुझं २.१२५ आहे. उरलेला १.४८४ चा गुणक निव्वळ गळतीचा. टी-शून्य १०० दिवस धरून बघ: ६० व्या दिवशी ९३.८ टक्के अडकलेले, १०० व्या दिवशी ६३.२ टक्के, भागाकार १.४८. बसतंय. मग ८० व्या दिवशी ७९ टक्के अडकलेले. ०.०५९ ला ०.७९ ने भाग: ०.०७५.

(कोबाल्टच्या ऊर्जेतला साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा वाटा पॉझिट्रॉन नेतात. ते निसटत नाहीत. शंभर दिवसांपर्यंत त्याने आकडा हलत नाही, पण व्हायवात आला तर गोंधळू नकोस.)

आता ०.१६ विरुद्ध ०.०७५. अजून दुपटीहून थोडी जास्त दरी आहे, आणि ती कमाल बिंदूची आहे.

अर्नेटनी १९८२ मध्ये जे मांडलं त्यात काही गृहीतं आहेत. मलब्याची अपारदर्शकता कायम सारखी, आणि आतल्या ऊर्जेची वाटणी वेळेनुसार तोच आकार राखून असते. टाईप वन-ए मध्ये (पांढरा बटू तारा फुटतो तो प्रकार) हे बऱ्यापैकी चालतं, तिथे निकेल भरपूर आणि बाहेरपर्यंत पसरलेलं. गाभा कोसळून फुटलेल्या ताऱ्यात निकेल मध्यात गोळा झालेलं असतं. तिथे तयार झालेला प्रकाश पृष्ठावर यायला वेळ घेतो. धोम धरणाच्या कालव्याचं पाणी घे. धरणावर दार खाली केलं तरी आमच्या कोरेगावाच्या बाजूला त्या दिवशी पाणी कमी होत नाही, कारण तिथे येतं ते आधी सोडलेलं. कालव्याच्या शेवटाला मोजून 'आत्ता धरणावर एवढाच विसर्ग आहे' म्हणणं म्हणजे अर्नेटचा नियम. निकेलचा विसर्ग पहिल्या दहा दिवसांत झपाट्याने घटतो. कमाल दिसते तेव्हा बाहेर येणारा प्रकाश आधीच्या, जास्त विसर्गाच्या दिवसांतला असतो. तू तो २० व्या दिवसाचा समजून भागलंस, म्हणून निकेल फुगलं. वर हेलियम थंड होऊन सुटे इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंत जुळू लागले की अपारदर्शकता कोसळते आणि साठलेला प्रकाश एकदम सुटतो, ते वेगळंच.

खतामी आणि कासेन यांनी २०१९ मध्ये याला दुरुस्ती सुचवली. एका क्षणाची ऊर्जा घेण्याऐवजी स्फोटापासून बीटा × कमाल-दिवस इथपर्यंतच्या ऊर्जेची वेळेने भारित सरासरी घ्यायची. हायड्रोजन नसलेल्या ताऱ्यांसाठी त्यांनी बीटा ९/८ सुचवला. तुझ्या आकड्यांत तो टाकला तर मला ०.११ मिळालं. म्हणजे ०.१६ वरून अर्ध्याहून थोडी जास्त दरी तिथेच बुजली. पुढे शेपटीवरून निकेल काढून उलट बीटा शोधणाऱ्यांना तो एकाहून कमी आला. तू स्वतः ०.७ टाकून बघ.

आणि आता बॅचमेट्सचं 'जुळलं'. यावर मला जरा जोरात बोलायचंय.

अँडरसनने छापील पेपरांतले २५८ अंदाज गोळा केले. टाईप टूचा मध्यक ०.०३२ सौर वस्तुमान. आयबीचा ०.१६३. पाचपट. त्याने स्वतःच विचारलं की हा फरक ताऱ्यांचा आहे की पद्धतीचा, कारण टाईप टूचं निकेल लोक शेपटीवरून काढतात आणि आयबीचं बहुतेक वेळा कमाल बिंदूवरून, अर्नेटने. आता तुमच्या वर्गात अर्नेट लावून ०.१६ आलं आणि अर्नेट लावलेल्या यादीच्या मध्यकाशी जुळलं, यात काय सिद्ध झालं? ताऱ्याबद्दल काहीच नाही. सूत्र बरोबर टाईप केलं एवढंच. त्याच मापाने मोजलेलं त्याच मापाशी जुळणारच.

फरक खोटाच आहे असं मी म्हणत नाही. शेपटीवरून काढलं तरी हायड्रोजन नसलेल्यांचा आकडा टाईप टूपेक्षा वरच राहतो, फक्त दरी लहान होते. त्यातही मंद आयबी सापडतच नाहीत, हा भाग आहे. टाईप टूला आवरणातल्या उष्णतेचा आधार असतो, निकेल नगण्य असलं तरी तो महिनाभर झळकतो. आयबीकडे निकेलशिवाय काही नाही. ते कमी असेल तर तो कुणाच्या कॅमेऱ्यात यायच्या आधीच विझलेला असतो.

पण पाचपट हा आकडा जसाच्या तसा घेतला तर अडचण होते, कारण निकेल कुठे तयार होतं ते बघ. धक्का बाहेर जाताना जिथवर तापमान पाच अब्ज अंशांच्या वर राहतं, तिथवरचं सिलिकन-ऑक्सिजन जळून निकेल-५६ होतं. २८ प्रोटॉन, २८ न्यूट्रॉन. सगळं इतक्या चटकन होतं की प्रोटॉनचे न्यूट्रॉन व्हायला सवडच मिळत नाही, म्हणून थेट लोखंड न होता हे समसमान निकेल होतं. आता १०^५१ अर्गचा नेहमीचा स्फोट घे, सगळी ऊर्जा किरणांच्या रूपात एका गोळ्यात भरलीय असं समज, आणि तापमान पाच अब्ज अंशांवर येईल तेव्हाची त्रिज्या काढ. ३७०० किलोमीटर येते. व्हायवाच्या आदल्या रात्री हातानेच कर, पाच ओळींचं आहे. तेवढ्या गोळ्यात जेवढं द्रव्य असेल तेवढंच निकेल होऊ शकतं, त्यातलं काही परत मधल्या न्यूट्रॉन ताऱ्यावर पडतं. हा सगळा कारभार गाभ्याच्या अंगणातला. लाखो किलोमीटर वरचं हायड्रोजन होतं की नव्हतं, याचा त्या ३७०० किलोमीटरच्या आत काय घडतं त्याच्याशी थेट संबंध नाही. न्यूट्रिनोंनी घडवून आणलेल्या स्फोटांची गणितं करणाऱ्यांना ०.१६ हा *मध्यक* गळी उतरत नाही तो म्हणूनच.

एक गोष्ट मला तुझ्या फाईलमधून कळत नाही. 'एकूण तेजस्विता' सरांनी कशी बांधलीय? नुसत्या दृश्य फिल्टरांवरून, की अवरक्तही आहे? शेपटीत अवरक्तचा वाटा वाढतो. तो सुटला असेल तर तुझं ०.०७५ कमी पडतंय. पण तेवढ्याने ०.१६ गाठायचं तर शेपटीतला निम्म्याहून जास्त प्रकाश हरवलेला असायला हवा. ते मला पटत नाही.

कृष्णाकाठ

मुली, कोरेगावकरांनी सगळं सांगितलंच आहे. मी सांगलीचा, साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त. दुर्बीण आठ इंची. त्यांच्या उत्तराला एक जुना आधार जोडतो.

२३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅजेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, सुपरनोव्हा झाला, तोच ८७-ए. आपल्या सांगलीतून तो तात्त्विकदृष्ट्या दिसायला हरकत नव्हती! त्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) उणे ६९ अंश, आपला अक्षांश १६.८. वजाबाकी केली तर मध्यमंडलावर येताना दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम चार अंश वर. मी हरिपूरला संगमाकडे जाऊन उभा राहिलो होतो. फेब्रुवारी अखेर संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तो तिथे यायचा. गळीत हंगाम, उसाचा पाला पेटलेला, खाली नुसता तांबूस गढूळ पट्टा. काही दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. मे महिन्यात तो तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला तेव्हा तर तो दुपारी मध्यमंडलावर यायचा.

तर मुद्दा. निकेलचा त्यातल्या त्यात खात्रीचा आकडा कुठल्या गाभा-कोसळ सुपरनोव्हाचा असेल तर तो याचा, ०.०७ सौर वस्तुमान. कारण अंतर पक्कं, साधारण १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. आवरण होतं, म्हणून गळती नाही, शेपूट महिनोन्महिने कोबाल्टच्या रेषेवर. आणि कोबाल्टची ८४७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची गॅमा रेषा उपग्रहाने प्रत्यक्ष पकडली. कोबाल्ट तिथे आहे हा निव्वळ तर्क उरला नाही.

त्या रेषेत एक मेख होती. ती अपेक्षेपेक्षा काही महिने लवकर, १९८७ च्या ऑगस्टमध्येच दिसू लागली. निकेल मध्यात शहाण्यासारखं बसलं असतं तर इतक्या लवकर गॅमा बाहेर येऊ शकले नसते. म्हणजे धक्क्याने ढवळाढवळ होऊन त्याच्या काही जिभा आवरणात वर घुसल्या होत्या. कोरेगावकर, तुमच्या कालव्याच्या हिशेबात निकेल मध्यात गोळा झालेलं धरलंय. ते ढवळलेलं असेल तर बीटा बदलेल ना?

बरेच लोक ८७-ए चीच फूटपट्टी करतात. आपला तारा आणि तो, दोघांच्या एकाच दिवसाच्या शेपटीच्या तेजस्वितेचं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याच्या निकेलच्या आकड्याने गुणायचं. हौशी माणसाला बरं पडतं. तुझ्या आयबीला ही फूटपट्टी लावू नकोस. एकाची शेपूट गळकी, एकाची नाही. तुझ्या ०.०५९ सारखीच चूक पुन्हा होईल.

एम-१०१ दीर्घिकेतला २०२३ चा सुपरनोव्हा मी अंगणातून पाहिला, जपानी हौशी निरीक्षक इतागाकींनी १९ मेला शोधला त्याच आठवड्यात. अकराव्या प्रतीच्या आसपास होता. तो टाईप टू. त्याची शेपूट सुरू झाली तेव्हा माझ्या आठ इंचांच्या आवाक्याबाहेर गेला होता. निकेल मोजायची वेळ येते तेव्हा आम्हा हौशींचा नेहमी असाच निरोप समारंभ होतो.

कोरेगावकर

काका, बरोबर. ढवळलं की बीटा बदलतो. निकेल जितकं बाहेर पसरेल तितका बीटा वाढतो, वन-ए साठी त्यांनी १.६ धरलाय. म्हणून बीटा हे मला पूर्ण उत्तर वाटत नाही. एका अज्ञाताची जागा दुसऱ्याने घेतली एवढंच. शेपूट हातात असेल तर शेपूटच.

मिरजेची_तार

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. एमएस्सीला हाच विषय होता, म्हणून डोकावले. बीटाच्या भानगडीत न पडता कमाल आणि शेपूट दोन्ही एकत्र वापरायची एक पद्धत आहे. कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवली.

तेजस्वितेला टी ने गुण आणि स्फोटापासून शेपटीपर्यंत त्याचं क्षेत्रफळ काढ. किरणोत्सर्गी ऊर्जेलाही टी ने गुण, तितक्याच काळाचं क्षेत्रफळ काढ. दोन्ही सारखे यायला हवेत. कारण मलबा फुगताना आत अडकलेला प्रकाश आपली ऊर्जा वेळेच्या व्यस्त प्रमाणात गमावतो. टी ने गुणलं की नेमकं ते नुकसान भरून निघतं. वाटेत अपारदर्शकता कशी बदलली, निकेल मध्यात होतं की ढवळलेलं, प्रकाश किती उशिरा आला, याचा हिशेब ठेवावाच लागत नाही. शेवटी सगळा बाहेर आलेला असला म्हणजे झालं.

व्यवहारात तीन गोष्टी. फाईल स्फोटाच्या दिवसापासून सुरू होत नसेल तर घाबरू नको. पहिल्या पाच-सहा दिवसांना टी लहान असल्यामुळे त्यांचं वजन नगण्य असतं. दुसरं, ऊर्जेच्या बाजूला कोरेगावकरांचा गळतीचा गुणक विसरू नको, नाहीतर सगळं मुसळ केरात. तिसरं, एक्सेलमध्ये करू नको, दिवसांमधली अंतरं समान नाहीत. पायथनमध्ये ट्रॅपेझॉइडने चार ओळी होतात.

दोन समीकरणं, दोन अज्ञातं: टी-शून्य आणि निकेल. उतारावरून टी-शून्य, क्षेत्रफळावरून निकेल. आणि शेपटीचा ०.०७५ तिसरीकडून पडताळायला मोकळा राहतो. तो पडताळा खरा, मध्यकाशी जुळवलेला नाही.

गोडोली_एमएस्सी

सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री बसून केलं.

बीटा ०.७ टाकल्यावर ०.०८० आलं. क्षेत्रफळाच्या पद्धतीने, टी-शून्य १०० धरून, ०.०७८. शेपूट ०.०७५. तिन्ही एका ओळीत, आणि ०.१६ एकटं बाजूला. ३७०० किलोमीटरही हाताने काढले, कोरेगावकर दादा, तुमच्या पाच ओळी माझ्या नऊ झाल्या.

आज सरांना अवरक्तचं विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "हा प्रश्न या वर्षी पहिल्यांदा आला." अवरक्त मोजमापं ७० व्या दिवसापर्यंतच आहेत. पुढे त्यांनी शेवटचा रंग तसाच धरून वाढवलाय. म्हणजे माझे ८० आणि १०० दिवसांचे आकडे अर्धे मोजलेले, अर्धे अंदाजाचे. आणि टी-शून्य तर १०० व्या दिवसावरच टांगलंय! आता काय करू? ७० च्या आतलेच बिंदू घेतले तर उतार मोजायला जेमतेम दहा दिवस उरतात.

कोरेगावकर

सर चांगले आहेत तुमचे.

दहा दिवसांवर उतार काढू नकोस, कुठलाही उतार बसेल. १०० व्या दिवसाचा बिंदू ठेव, पण तो दोनदा वापर. एकदा आहे तसा, आणि एकदा २० टक्क्यांनी वाढवून, जणू अवरक्तचा वाटा अंदाजाहून जास्त होता. दुसऱ्या वेळी ६० ते १०० चं गुणोत्तर १.७७ होईल, गळतीच्या वाट्याला १.२४ उरेल, आणि टी-शून्य १२५ दिवसांच्या आसपास सरकेल. मग ६० व्या दिवसावरून निकेल काढ, तो तर मोजलेला बिंदू आहे. तिथे आधी ९४ टक्के अडकले होते, आता ९९ च्या जवळ, म्हणजे निकेल ०.०७५ चं ०.०७१ च्या आसपास होईल. चार-पाच टक्क्यांचा फरक. ६० व्या दिवशी गळतीच इतकी कमी आहे की टी-शून्य चुकलं तरी तिथला आकडा फार हलत नाही. एरवी लोक जितकं उशिरा तितकं बरं म्हणून शेवटच्या बिंदूकडे धावतात. गळक्या शेपटीत लवकरचा बिंदू जास्त भरवशाचा, फक्त तोवर निकेलची पहिली लाट ओसरलेली हवी. तुझ्यात ६० व्या दिवशी तिचा वाटा एका टक्क्याच्या आत आहे.

अहवालात ०.१६ खोडू नकोस. दोन्ही लिही, कुठला कशावरून आला ते लिही. आणि सरांना फाईलचं नाव विचारायचं असेल तर व्हायवा झाल्यावर विचार.

तासगाव_बेदाणा

नाव कळलं की इथेही टाक. अंतर कुठलं धरलंय ते मला अजून बघायचंय.